मेंदूतला अ‍ॅन्युरिझम: ‘सात मिलिमीटरच्या आत आहे, काही होत नाही’ हे कितपत खरं?

कृष्णाकाठ | रवि, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. आत्याला (वय ६१, कराड) चक्कर येते म्हणून एमआरआय केला. चक्करेचं मूळ कानात निघालं, ते बरंही होतंय. पण रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत भलतंच सापडलं: मेंदूत पुढच्या बाजूला, अँटीरिअर कम्युनिकेटिंग धमनीवर ५ मि.मी.चा अ‍ॅन्युरिझम, म्हणजे धमनीच्या भिंतीला आलेला फुगा. फुटलेला नाही. त्याचा त्रास शून्य.

एक न्यूरोसर्जन म्हणाले, सात मिलिमीटरच्या आत आहे, वर्षाने परत दाखवा. दुसरे म्हणाले, जागा वाईट आहे, बंद करून टाकलेला बरा. दोघेही अनुभवी. आता घरात दोन पक्ष पडलेत आणि आत्या तिसऱ्याच पक्षात: "मला काय धाड भरलीय? तुम्ही गप बसा."

बीपी आहे, गोळी चालू आहे (म्हणजे आठवण झाली तर). सिगारेटचा प्रश्नच नाही, पण लग्नाआधीपासून मिश्री लावते. आजोबा "डोक्यात रक्तस्राव होऊन" गेले असं घरात सांगतात, पण तेव्हा गावात स्कॅन कुठला.

ऑपरेशन करावं की नाही हे इथे विचारत नाहीये, ते इथे कुणी सांगूही नये. मला एवढंच समजून घ्यायचंय की हे फुगे फुटतात ते कशा-कशामुळे? माझं तरी असं मत होत चाललंय की सगळे मिलिमीटर मोजतायत आणि माणसाबद्दल कुणी काही विचारतच नाही.

रिकामटेकडा७ | रवि, रात्री ९:५२

पहिला! वाचतोय.

गुळपोळी | रवि, रात्री १०:०५

काळजी घ्या आत्याची. चक्कर आली नसती तर कळलंही नसतं. कधी कधी वाटतं, नसतं कळलं तेच बरं.

जोशीबुवा | रवि, रात्री १०:३१

कृष्णाकाठ, उगाच घाबरू नका. शंभर धडधाकट माणसांचे एमआरआय काढले तर तिघांच्या मेंदूत असा फुगा सापडतो. बहुतेक जण तो घेऊनच वेगळ्याच कारणाने जातात.

आणि आकाराचं म्हणाल तर तो आकडा हवेतून आलेला नाही. २००३ साली 'लॅन्सेट'मध्ये मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास आला होता. त्यात ऑपरेशन न केलेले १६९२ रुग्ण होते. पुढच्या भागातल्या धमन्यांवर ७ मि.मी.हून लहान फुगा आणि आधी कधी रक्तस्राव झालेला नाही, अशांमध्ये पाच वर्षांत फुटण्याचं प्रमाण शून्य. परत वाचा, शून्य टक्के. ७ ते १२ मि.मी.ला २.६ टक्के, १३ ते २४ ला १४.५, आणि २५ च्या पुढे ४०. आकाराबरोबर धोका कसा चढत जातो ते दिसतंय ना? पहिले डॉक्टर बरोबर आहेत. विषय संपला.

मंदारमाला | रवि, रात्री ११:१०

विषय संपला म्हणणाऱ्यांना माझ्या नवऱ्याचा फुगा दाखवायला हवा होता. फुटला तेव्हा ४ मि.मी.चा होता.

सकाळी दाढी करताना एकदम डोकं धरून खाली बसला. म्हणाला, असं डोकं जन्मात दुखलं नव्हतं. हळूहळू वाढलं वगैरे काही नाही, एका क्षणात शिगेला. मग उलटी. जवळच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून इंजेक्शन दिलं आणि घरी पाठवलं. दुपारी मान ताठ झाली, उजेड सहन होईना, तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. सीटीत रक्त दिसलं. त्याच रात्री अँजिओग्राफी, दुसऱ्या दिवशी कॉइल, म्हणजे फुग्यात बारीक तार भरून तो आतून बंद केला.

लोकांना वाटतं कॉइल बसली की सुटलो. खरी परीक्षा त्यानंतर होती. चौथ्या दिवसापासून साधारण दोन आठवडे मेंदूच्या धमन्या आखडण्याची भीती असते, तेव्हा पुन्हा झटका येऊ शकतो. निमोडिपिनची गोळी दर चार तासांनी, एकवीस दिवस. रात्री दोन आणि पहाटे सहाचा गजर अजून फोनमध्ये तसाच आहे, काढावासा वाटत नाही. मध्ये सोडियम उतरलं, माणूस काहीबाही बोलायला लागला.

आज तो कामावर जातो. नावं विसरतो, गोंगाट चालत नाही, संध्याकाळी लवकर थकतो. पण आहे. ज्यांचा फुटतो त्यांच्यातले साधारण तिघांत एक जण वाचत नाहीत, काही तर दवाखान्यापर्यंतही पोचत नाहीत.

आणि हो, दिवसाला एक पाकीट सिगारेट. बीपी कधी मोजलंच नव्हतं. वय तेव्हा ४६.

बटाटावडा | रवि, रात्री ११:१८

मंदारमाला ताई, वाचून अंगावर काटा आला. दोघांनाही शुभेच्छा.

जोशीबुवा | रवि, रात्री ११:४४

मंदारमाला ताई, वाईट वाटलं. पण एका उदाहरणावरून नियम होत नाही. अभ्यास म्हणतो शून्य.

क्षकिरण | सोम, सकाळी ७:२०

मी रेडिओलॉजिस्ट आहे, सर्जन नाही. रोज हे फुगे पाहतो म्हणून थोडं लिहितो. लांबेल.

जोशीबुवांचा आकडा खरा आहे. ताईंचा अनुभवही अपवाद म्हणावा असा नाही. फुटलेल्या फुग्यांचे रुग्ण आमच्याकडे येतात त्यातले कितीतरी ७ मि.मी.च्या आतले असतात. मग शून्य कसं?

एक तर लहान फुगे असतातच खूप. नुसतं समजायला घ्या: गावात एक हजार लहान फुगे आहेत आणि पन्नास मोठे. लहानांपैकी दोनशेत एक फुटला, मोठ्यांपैकी पंचविसात एक फुटला. मोठा फुगा आठपट धोकादायक झाला. पण दवाखान्यात आले किती? लहान फुटलेले पाच, मोठे फुटलेले दोन. वॉर्डात उभं राहून बघणाऱ्याला वाटणार, लहानच जास्त फुटतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या.

दुसरं म्हणजे, अशा अभ्यासांत 'नुसतं लक्ष ठेवू' म्हणून कोणाला बाजूला काढतात? ज्याचा फुगा डॉक्टरला निरुपद्रवी वाटला त्याला. वेडावाकडा दिसणारा, वाईट जागेवरचा, तो आधीच ऑपरेशनला गेलेला असतो. उरलेल्यांत फुटण्याचं प्रमाण कमीच दिसणार.

आता जपानचा अभ्यास बघा, २०१२ साली आला. ५७२० रुग्ण, ६६९७ फुगे, सगळे ३ मि.मी. किंवा मोठे. वर्षाला सरासरी ०.९५ टक्के फुटले. आकाराचा परिणाम तिथेही दिसला: ३-४ मि.मी.च्या तुलनेत ७ ते ९ मि.मी.ला तिपटीहून जास्त, १० ते २४ ला नऊपट. पण आकार सारखा असला तरी जागेने फरक पडला. अँटीरिअर कम्युनिकेटिंग आणि पोस्टीरिअर कम्युनिकेटिंग या दोन धमन्यांवरचे फुगे मिडल सेरेब्रलवरच्या फुग्यांपेक्षा साधारण दुप्पट फुटले. कृष्णाकाठ, तुमचे दुसरे डॉक्टर 'जागा वाईट' म्हणाले ते यामुळे. आणि फुग्याला आणखी एक पिल्लू फुगवटा असेल तर दीडपटीहून जास्त. तुमच्या रिपोर्टमध्ये आकाराचा आकडा आहे, घडणीबद्दल काही लिहिलंय का?

कृष्णाकाठ | सोम, सकाळी ८:०२

डॉक्टर, खूप आभार. रिपोर्टमध्ये "सॅक्युलर (म्हणजे पिशवीसारखा), अंदाजे ५ x ४ मि.मी." एवढंच आहे. घडणीबद्दल काही नाही. सीडी आहे.

रिकामटेकडा७ | सोम, सकाळी ९:१५

म्हणजे सायकलच्या ट्यूबचं असतं तसं. फुगवटा किती मोठा यापेक्षा तो वॉल्व्हजवळ आहे की कुठे, रबर कुजलंय का आणि हवा किती मारलीय हे बघायचं.

क्षकिरण | सोम, सकाळी ९:३३

साधारण तसंच. मेंदूच्या धमन्यांच्या भिंती शरीरातल्या इतर धमन्यांपेक्षा पातळ, बाहेरचा लवचिक पदर त्यांना नसतो. जिथे फाटा फुटतो तिथे रक्ताचा मारा जास्त. फुगे बहुतेक तिथेच येतात. हवेचं म्हणाल तर बीपी.

शांतरस | सोम, सकाळी १०:४०

रोज सकाळी शीर्षासन आणि भस्त्रिका केल्याने मेंदूच्या नसा बळकट होतात. माझ्या काकांच्या सर्व नसा मोकळ्या झाल्या.

बटाटावडा | सोम, सकाळी १०:४३

काकांच्या नसा आधी कुठे अडकल्या होत्या?

क्षकिरण | सोम, सकाळी ११:१२

शांतरस, ज्याला फुगा आहे त्याला हे कृपया सांगू नका. श्वास कोंडून जोर लावला की बीपी क्षणात खूप वर जातं. आत्याबाईंनी चालावं, हलका व्यायाम करावा, प्राणायाम सावकाश करावा.

अनुस्वार | सोम, दुपारी १:०५

'जोर लावणं' निघालंच आहे तर सांगते. नेदरलँड्समध्ये २०११ मध्ये एक अभ्यास झाला होता. फुगा फुटलेल्या २५० जणांना विचारलं, त्या आधीच्या थोड्या वेळात तुम्ही काय करत होतात आणि एरवी ते कितीदा करता. आठ गोष्टी निघाल्या: कॉफी, कोला, राग, दचकणं, शौचाला जोर लावणं, संभोग, जोराने नाक शिंकरणं आणि दमवणारा व्यायाम. सगळ्यात मोठी उडी दचकण्याची होती.

गुळपोळी | सोम, दुपारी १:१४

चहा यादीत नाही!!! पुणेकर वाचले.

बटाटावडा | सोम, दुपारी १:१६

राग आहे ना. पुणेकर नाही वाचले.

जोशीबुवा | सोम, दुपारी १:३०

या प्रतिसादाने माझं बीपी वाढलं आहे याची नोंद घ्यावी. (सदाशिव पेठ)

उत्तरध्रुव | सोम, दुपारी २:२०

अनुस्वार, अशा यादीने घरात दहशत बसते हो. आमच्याकडे एका मित्राच्या बायकोला फुगा सापडला, तर त्याने घरातला प्रेशर कुकर बंद केला. शिट्टीने ती दचकेल म्हणून! तिलाच शेवटी त्याचा राग आला, म्हणजे यादीतलं दुसरं कारण.

अनुस्वार | सोम, दुपारी २:४१

दहशत नकोच. त्या गोष्टींनी धोका वाढतो तो थोड्याच वेळापुरता, आणि मूळचा धोकाच बारीक आहे. न दचकता कोण जगलंय? त्यातल्या दोनच गोष्टी हातात आहेत: कॉफी कमी करणं आणि पोट साफ राहील असं बघणं. आत्यांना इसबगोल द्या, कुकर चालू ठेवा.

दगडूशेठचा_शेजारी | सोम, संध्या. ६:५०

अवांतर: ती ड्रॅगनवाल्या मालिकेतली एमिलिया क्लार्क आठवते का? २०११ मध्ये लंडनला जिममध्ये असताना तिचा फुटला, वय २४. दुसरा फुगा तेव्हाच दिसला होता, लहान म्हणून ठेवला. २०१३ च्या तपासणीत तो दुप्पट झालेला निघाला. आतून बंद करायला गेले ते फसलं, कवटी उघडून ऑपरेशन करावं लागलं. २०१९ मध्ये तिने स्वतः लिहिलं तेव्हा जगाला कळलं.

आणि जो बायडन! १९८८ मध्ये एक फुटला, दुसरा न फुटलेला त्याच वर्षी ऑपरेशन करून बंद केला. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. तेव्हा आत्याबाई सरपंच होऊ शकतात.

कृष्णाकाठ | सोम, संध्या. ७:०५

आत्या माजी उपसरपंच आहे. :)

क्षकिरण | सोम, रात्री ९:४८

एमिलिया क्लार्कचं अवांतर नाही वाटत मला. आकारापेक्षा वाढ महत्त्वाची असते, हे त्यात आलं. फुगा वाढताना दिसला तर पुढच्या वर्षभरात फुटण्याचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास जातं, मग तो पाचाचा सहा झालेला का असेना. म्हणून 'वर्षाने दाखवा' याचा अर्थ 'विसरून जा' होत नाही. तपासणी चुकवायची नाही. शक्यतो त्याच सेंटरला, त्याच पद्धतीने, जुनी सीडी बरोबर घेऊन. वेगळं मशीन, वेगळा मोजणारा असला की एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतो आणि घरात उगाच रडारड होते. एमआर अँजिओग्राफीला (एमआरआय मशीननेच काढलेलं धमन्यांचं चित्र) रंगाचं इंजेक्शन लागत नाही, किडनीची भीती नाही.

आता सर्जन लोक जो हिशेब मांडतात तो सांगतो. फेझेस नावाची गुणपद्धत आहे, २०१४ ची, सहा अभ्यासांतल्या ८३८२ जणांवरून काढलेली. यात सहा गोष्टी धरतात: लोकसमूह, बीपी, वय सत्तरच्या पुढे का, आकार, आधी दुसरा फुगा फुटला होता का, आणि जागा. आत्याबाईंचं: आकार ७ च्या आत, ०. बीपी, १. वय, ०. आधी रक्तस्राव नाही, ०. जागा, ४. एकूण ५. याचा अर्थ पाच वर्षांत फुटण्याची शक्यता सुमारे १.३ टक्के. हाच फुगा आठ मिलिमीटरचा असता तर ८ गुण, ३.२ टक्के. हाच ५ मि.मी. कॅरॉटिडवर (मानेतून मेंदूत जाणारी मोठी धमनी) असता तर १ गुण, आणि धोका ०.४ टक्के. बघा, जागेने तिप्पट झाला.

लोकसमूहात जपान्यांना ३, फिनलंडच्या लोकांना ५, उरलेल्या युरोप-अमेरिकेला ०. आपण त्या सहा अभ्यासांत नाही. आपले डॉक्टर शून्य धरून चालतात.

उत्तरध्रुव | सोम, रात्री १०:३० (इथे संध्या. ८)

थांबा थांबा. मी एस्पोला राहतो, फिनलंड. आम्हाला पाच गुण? नागरिकत्व घेतलं की मेंदूत फुगे येतात का?

बटाटावडा | सोम, रात्री १०:३२

सौनात फुगतात.

क्षकिरण | मंगळ, सकाळी ७:०५

उत्तरध्रुव, तुमचा पासपोर्ट बदलला तरी गुण तेच. पण फिनलंडची कथा या धाग्याच्या मुळाशी जाते.

हेलसिंकीत १९७९ च्या आधी न फुटलेल्या फुग्यांचं ऑपरेशन करत नसत. त्यामुळे तिथल्या डॉक्टरांना असे रुग्ण मिळाले की ज्यांच्यावर उपचार केले नाहीत आणि ज्यांना आयुष्यभर पाहिलं. 'सौम्य वाटला म्हणून ठेवला' अशी निवड तिथे नाही, सगळेच ठेवलेले. २०१४ मध्ये ११८ जणांचा आयुष्यभराचा हिशेब आला. २९ टक्क्यांचा कधी ना कधी फुटला, आणि त्यात लहान फुगेही होते. सगळ्यांना सारखा धोका मात्र नव्हता. सिगारेट ओढणारी बाई आणि ७ मि.मी.हून मोठा फुगा, इथे धोका सर्वांत जास्त. सिगारेट न ओढणाऱ्या पुरुषांत फारच कमी. त्यांनी शेवटी हेच लिहिलं की निर्णय नुसत्या आकारावर घेण्यापेक्षा त्या माणसाला कोणकोणते धोके आहेत ते बघून घ्यावा. कृष्णाकाठ पहिल्या पोस्टमध्ये हेच म्हणतायत.

गंमत म्हणजे फेझेसमध्ये सिगारेट नाहीच. म्हणून ती बिनमहत्त्वाची ठरत नाही. फिनलंडमध्येच १९९८ ते २०१२ या काळात सिगारेट ओढणाऱ्यांचं प्रमाण घटलं आणि त्याच काळात या रक्तस्रावाचं प्रमाणही जवळपास चतुर्थांशाने उतरलं.

मंदारमाला | मंगळ, सकाळी ८:४०

हे नवऱ्याला वाचून दाखवलं. त्याने दवाखान्यातून आल्यापासून सिगारेट सोडलीय. आमचे डॉक्टर म्हणाले होते, पहिला फुगा सिगारेटने फोडला असेल-नसेल, नवीन फुगा येऊ नये म्हणून सोड.

गुळपोळी | मंगळ, सकाळी ९:२२

मग मिश्रीचं काय? माझी आई पण लावते. तिला म्हटलं तंबाखू सोड, तर म्हणते, मी कुठे तंबाखू खाते, मी दात घासते.

क्षकिरण | मंगळ, सकाळी ९:५०

हा हा. आयांचा हा युक्तिवाद ओपीडीत रोज ऐकतो. हे अभ्यास सिगारेट ओढणाऱ्यांवर झालेत, त्यातले आकडे मिश्रीला चिकटवू नका. पण मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, निकोटीन हिरड्यांतून रक्तात जातं, नाडी आणि बीपी दोन्ही वाढवतं. ज्या बाईला बीपी आणि फुगा दोन्ही आहे तिने ती लावू नये, यासाठी वेगळ्या अभ्यासाची वाट बघायची गरज नाही. तोंडाच्या कॅन्सरचं तर विचारूच नका.

सातारी_कंदी | मंगळ, सकाळी ११:३०

मी पीएचसीत नर्स आहे. एक सांगते, आमच्या भागातल्या बायका उपवासाच्या दिवशी बीपीची गोळी घेत नाहीत. एकादशी, चतुर्थी, श्रावणी सोमवार, नवरात्राचे नऊ दिवस. "गोळीने उपवास मोडतो." आणि उरलेल्या दिवशी "आज बरं वाटतंय" म्हणून नाही. मग ओपीडीत १८० वर १०० घेऊन येतात आणि म्हणतात गोळी चालू आहे.

कृष्णाकाठ दादा, "आठवण झाली तर" असं तुम्ही लिहिलंय, मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटली. घरी बीपीचं मशीन घ्या, सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा. खाराची मिरची, पापड, लोणचं कमी करा.

जोशीबुवा | मंगळ, दुपारी १२:१०

सातारी कंदी यांना माझे शंभर गुण. हा धाग्यातला सर्वोत्तम प्रतिसाद. बाकी क्षकिरण साहेब, मी आकड्यांवर ठाम आहे. तुमच्याच हिशेबाने १.३ टक्के. म्हणजे ९८.७ टक्के पाच वर्षं काही होत नाही. त्यासाठी डोकं उघडायचं?

अनुस्वार | मंगळ, दुपारी १२:४५

आणि उपचार करताना होणारा धोका विसरू नका. न फुटलेल्या फुग्यांवर झालेल्या उपचारांचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१९ मध्ये आकडे आले: मांडीतून तार घालून केलेल्या उपचारात सुमारे ५ टक्क्यांना काही ना काही गुंतागुंत, कवटी उघडून फुग्याच्या मुळाशी क्लिप लावली तर सुमारे ८ टक्के. मृत्यू दोन्हीत फार कमी, अर्ध्या टक्क्याच्याही आत. पण १.३ समोर ५ आहेच.

मंदारमाला | मंगळ, दुपारी १:२०

हिशेब असा सरळ नसतो ना ताई. ऑपरेशनचा धोका एकदा घ्यायचा, फुटण्याचा धोका रोज डोक्यात घेऊन झोपायचं. ६१ म्हणजे म्हातारपण नाही, त्या अजून वीस-पंचवीस वर्षं जगतील. पाच वर्षांच्या आकड्याने काय होतंय? आणि फुटला तर काय होतं ते मी पाहिलंय.

क्षकिरण | मंगळ, रात्री ८:१५

जोशीबुवा आणि मंदारमाला, तुमचं दोघांचंही खरं आहे, म्हणूनच दोन चांगले सर्जन दोन वेगळी उत्तरं देतात. ८० वर्षांच्या, हृदय कमकुवत असलेल्या माणसाला हा फुगा सापडला असता तर बहुतेक सगळे 'राहू दे' म्हणाले असते. ४० वर्षांच्या सिगारेट ओढणाऱ्या बाईला सापडला असता तर बहुतेक 'बंद करू' म्हणाले असते. ६१ ला मधली पायरी येते.

अशा वेळी आणखी माहिती काढायची. सीटी अँजिओग्राफी करून घडण नीट बघा: कडा गुळगुळीत की खाचखळगे, पिल्लू आहे का, फुग्याची मान (धमनीला जोडलेला भाग) रुंद की अरुंद, उंची किती. आणि आजोबांचं नीट विचारा. आत्याचे वडील म्हणजे सख्खं रक्ताचं नातं. तो खरंच असा रक्तस्राव होता की बीपीचा झटका, वय किती होतं, किती अचानक झालं, गावातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. सख्ख्या नात्यात दोघांना निघाला तर बाकीच्या भावंडांची एकदा एमआर अँजिओग्राफी करायला सांगतात. अशा घरांत साधारण ८ ते १० टक्क्यांना सापडतो. किडनीत पाण्याच्या गाठींचा आनुवंशिक आजार असलेल्या घरांतही तेच.

विमा_विनायक | मंगळ, रात्री ९:०२

भावंडांनी एमआर करण्याआधी आरोग्य विमा काढलेला आहे का बघा. सापडल्यानंतर काढला तर ते आधीचं दुखणं म्हणून लिहावं लागतं. २०२४ पासून अशा दुखण्यांसाठी वाट बघायची मुदत जास्तीत जास्त ३६ महिने केलीय, आधी ४८ होती. लपवून मात्र काढू नका, क्लेम नाकारतात. कॉइलचं बिल बघाल तर…

बटाटावडा | मंगळ, रात्री ९:०६

…दचकाल. यादीत आहे ते.

रिकामटेकडा७ | बुध, सकाळी १०:००

फुटायच्या आधी काही लक्षण दिसतं का? की थेट?

क्षकिरण | बुध, सकाळी १०:४०

बहुतेकदा थेट. पण काहींना मोठ्या स्फोटाच्या काही दिवस आधी असंच अचानक, भयानक डोकं दुखून जातं आणि थांबतं, तेव्हा थोडं रक्त झिरपलेलं असतं. ती संधी असते. एकाच डोळ्याची पापणी अचानक खाली पडली आणि बाहुली मोठी दिसली तर फुगा तिथल्या नसेवर दाबतोय असं समजून त्याच दिवशी दवाखाना. पोस्टीरिअर कम्युनिकेटिंगवर असं होतं.

रोजची अर्धशिशी, कामाच्या ताणाने दुखणारं कपाळ, यात ही भीती घालू नका. क्षणात शिगेला पोचलेलं, आयुष्यातलं सर्वात वाईट डोकं दुखणं असेल तर मात्र पित्ताचं इंजेक्शन घेऊन झोपू नका. पहिल्या सहा तासांत सीटी झाला तर रक्त जवळपास हमखास दिसतं, नंतर सीटी चकवू शकतो आणि पाठीतलं पाणी काढून बघावं लागतं. आणि फुटलेला फुगा पुन्हा फुटण्याची भीती पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त.

कृष्णाकाठ | शनि, रात्री ८:३०

उशिरा आल्याबद्दल क्षमस्व, मध्ये धावपळ होती.

सीटी अँजिओ झाली. आकार ५.२, म्हणजे तसाच. पण वरच्या टोकाला एक छोटं पिल्लू आहे आणि एक कड वेडीवाकडी. एमआरमध्ये ते दिसलं नव्हतं. पहिले डॉक्टर, जे 'वर्षाने या' म्हणाले होते, त्यांनीच चित्र बघून सांगितलं की आता मीही बंद करायच्या बाजूने आहे. मान अरुंद असल्याने कॉइल बसेल असं दोघांचंही मत.

आजोबांबद्दल शेजारच्या आजींनी सांगितलं, शेतात बांधावर उभे होते, "डोकं" म्हणाले आणि पडले. वय पन्नासच्या आत. सिद्ध काहीच होत नाही, पण बाबा आणि धाकटी आत्या दोघांची एमआर पुढच्या आठवड्यात आहे. विमा आधीचा आहे, विनायकराव.

मोठी आत्या तयार झाली. कुणाचे टक्के ऐकून नाही. सातारी कंदी ताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला तेव्हा म्हणाली, "ही बाई मला ओळखते का?" बीपीचं मशीन आणलंय, वही तिने स्वतः आखलीय. पहिल्या दिवशी १६८/९६, काल १४२/८८. मिश्रीची डबी सुनेकडे दिलीय, सून म्हणते दुसरी कुठेतरी आहे.

जोशीबुवा | शनि, रात्री ८:४७

पिल्लू निघालं म्हणता. मग माझं मत दुसऱ्या डॉक्टरांना. शुभेच्छा. दुसरी डबी देवघरात बघा.

सातारी_कंदी | शनि, रात्री ९:०५

१४२ पण जास्तच आहे, ऑपरेशनआधी डॉक्टरांना वही दाखवा, गोळी वाढवतील. आत्यांना नमस्कार सांगा.

गुळपोळी | शनि, रात्री ९:१०

एक बावळट प्रश्न. कॉइल बसली की पुढे एमआरआय चालतो का? लोखंड असतं ना आत?

क्षकिरण | शनि, रात्री १०:२२

कॉइल प्लॅटिनमची असते, एमआरआय चालतो, आणि पुढची तपासणी बहुधा एमआरनेच होते. क्लिपही आता टायटॅनियमच्या असतात. जुन्या काळातल्या काही क्लिपांना मात्र चुंबकाचा धोका होता. म्हणून डिस्चार्जच्या वेळी मिळणारं कार्ड, ज्यावर कॉइलचं नाव आणि तारीख असते, त्याचा फोटो काढून घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये ठेवा. एमआरच्या दारात तंत्रज्ञ तेच मागतो आणि कार्ड नेमकं कराडला राहिलेलं असतं.